येऊन राहिली

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, धरमपेठेतल्या ऑफिसात कूलरसमोर अर्धवट पेंगत होते. "हे गेले वं..." एवढंच कळलं. पुढचं कूलरच्या घरघरीत विरून गेलं. आदल्या रविवारीच दादानं 'ये ना' असा मेसेज केला होता. मी लिहिलं होतं, 'येऊन राहिली.' आणि जागची हललेसुद्धा नव्हते.

दिवाकरदादा माझा मावसभाऊ, अ‍ॅप बनवायला त्यानंच मला शिकवलं. हिंगण्याच्या कामगारांना कंपनीची बस कुठवर आली ते मोबाइलवर दिसावं, हे आमचं पहिलं काम. आधी थांबा विचारा, तो कळला की बस शोधा, ती सापडली की तिची जागा विचारा... प्रत्येक उत्तराला वेळ लागे, आणि मी एका कामाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं कोंबत गेले. कोड उजवीकडे सरकत पार पडद्याबाहेर गेला. दादा खुशाल चहा पीत बघत होता.

"काहून वं, इतकं गुंडाळून राहिली? आपण 'करून राहिलो' म्हणतो ना? झालं नाही, पण होणार नाही असंही नाही. कोडातलं प्रॉमिस म्हणजे तेच, उत्तर येऊन राहिलं असा शब्द. झालं की मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. अन् नाही जमलं तं तसं सांगाव लागते."

मग सगळं सरळ एकाखाली एक उतरलं. फक्त ती शेवटची, न जमल्याचं सांगणारी ओळ मी हमखास विसरायची. बसची माहिती आली नाही, की पडद्यावर चाक नुसतं फिरत राही. दादा रागावत नसे. "थांब्यावरच्या माणसाले जाता येत नाही, अन् थांबताही येत नाही," एवढंच म्हणे.

तो आजारी पडून कन्हानला, नदीकाठच्या आपल्या घरी गेला, तेव्हापासून मी किती वेळा 'येऊन राहिली' म्हटलं असेल... खरं सांगायचं तर वाळलेला दादा बघायची मला भीती वाटत होती. तेवढं मात्र लिहिता आलं नाही.

तो गेला त्या दिवशी गर्दीत वहिनींशी बोलणं झालं नाही. परवा एकटी गेले. दुपार संथ होती, नदीकडून वारा येत होता, आणि आतल्या खोलीतून दादा आता हाक मारेल असं उगाच वाटत होतं.

"तू नाही जमत म्हटलं असतं ना, तं ते वेळेवर जेवले असते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "'ती येऊन राहिली' म्हणत, अन् त्यांचं अन् तुझं, दोन्ही ताटं झाकून ठेवाले लावत."

त्यांनी पान वाढलं. मी समोरच बसले होते, तरी सवयीनं त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं.