बोटभर उंच

इंदूताई कुणाकडे गेल्या की आधी खुर्ची उलटी करून पाहत, मग बसत. यजमानीणबाई चहा घेऊन बाहेर येत, तोवर यांचं सांधे तपासणं चाललेलंच असे.

बडोद्यात एका बाईनं कचेरीचं सामान आखावं हीच नवलाई. तोवर आम्ही कारकून गादीवर मांडी घालून, उतरत्या डेस्कावर मान मोडून लिहीत असू. ताईंनी साधी, सरळ टेबलं नि खुर्च्या आखल्या. नक्षी नाही, सिंहाचे पंजे नाहीत. साहेबांना त्या खुर्च्या बोडक्या वाटल्या. ताई म्हणाल्या, "आधी बसून जुओ, बसून बघा, मग बोला." हे त्यांचं पालुपदच होतं.

मापं द्यायला आम्ही त्यांच्या पाणीगेटच्या कारखान्यात गेलो. गुडघा, कोपर, पाठ, सगळं त्यांनी स्वतः मोजलं. चाळीस खुर्च्या आल्या आणि आठवड्याभरात आमच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. पण बोलणार कोण? आम्ही मुकाट्यानं खुर्चीवरच मांडी ठोकली.

महिन्यानं ताई आल्या नि दारातच थबकल्या. मला पाय सोडून बसायला लावलं. टाचा टेकेनात. मग त्यांनी दाराबाहेरची जोड्यांची रांग पाहिली. दप्तर म्हणजे सरस्वती, म्हणून कचेरीत आम्ही अनवाणी. कारखान्यात मात्र खिळ्यांच्या भीतीनं जोडे घालूनच मापं दिलेली.

"मी पण चपला काढूनच आत येते," त्या म्हणाल्या. "मेली अक्कल कुठे गेली होती?"

नव्या कचेरीचं काम त्यांनाच मिळायचं होतं. साहेब म्हणाले, "गप्प राहा. चूक कागदावर आली तर काम मुंबईला जाईल." ताईंचा गुजराती मिस्त्रीही राहू द्या म्हणून विनवत होता, "रहेवा दो ने, बेन!" ताईंनी चूक लिहून दिली, सगळ्या खुर्च्यांचे पाय बोटभर कापून घेतले. काम गेलं. पुन्हा मोठं काम आलंच नाही.

शेवटी भेटलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या, फार थकलेल्या. म्हणाल्या, "काम गेलं त्याचं नाही हो. महिनाभर पाय बधिर होत होते, चाळिसांतला एकही का बोलला नाही?"

मला लाज वाटली, पण खरं तेच सांगितलं. "ताई, आम्हांला वाटलं, खुर्ची म्हणजे असंच असतं."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.