नानांची काटेरी फांदी

ईशान, मीरा, तुमचे नाना आजोबा गेल्याचा फोन मला जळगावला आला. पारोळ्याजवळच्या मळ्याचे राखणदार सुपडूभाऊ बोलत होते. "अक्का, नाना गयात." मी विचारलं, "मग रोपांना पाणी कोण देतंय?" असं का विचारलं, अजून कळत नाही...

नाना माझे धाकटे दीर. मोसंबीला डिंक्या रोग लागला की बुंध्यातून डिंक गळतो आणि भरातलं झाड वाळतं. मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, लिंबाच्या जातीच्या रोपावर भरतात. खालचं ते रोप म्हणजे खुंट. रोग मुळांतून येतो तर खुंटच बदलू, असं नानांनी मनावर घेतलं. दोन जातींच्या फुलांचा संकर करायचा, बियांची रोपं करायची, त्यांवर मोसंबी बांधायची आणि झाडं मुद्दाम पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात लावायची. बहुतेक मरत. "मरू देत, वहिनी. टिकेल ते आपलं."

एक टिकलं, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या खुंटाचं बी हवं, म्हणून कलमाच्या जोडाखालून, खुंटातूनच फुटलेली काटेरी फांदी त्यांनी वाढवली. आपल्याकडे असला फुटवा कुणी ठेवत नाही.

"नाना, लोके हसतीन. कापू का?" सुपडूभाऊ विचारत.

"राहू दे. वर शे ते बाजारनं, खाले शे ते मन्हं." खालचं ते माझं, म्हणजे.

यंदा तिला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

तेराव्याला पाहुणे येणार म्हणून पुतण्यांनी मळा साफ केला. सगळ्या झाडांचे खालचे फुटवे छाटले, चांगल्या शेतकऱ्याने छाटावेत तसे, अगदी बुंध्यालगत. नानांनी झाडाला दुसरी खूण केलीच नव्हती. ती फांदीच खूण होती.

आता त्या कोपऱ्यात चार झाडं हिरवी आहेत आणि चारही खालून पुन्हा फुटलीत. घाव सारखेच. सुपडूभाऊ म्हणतात विहिरीकडचं. मला बांधालगतचं आठवतं, आणि मग तेही नाही. मी चारही झाडांना चार रंगांच्या फिती बांधल्या, एकही फुटवा कापू नका म्हणून सांगितलं. पण कुठल्या फितीला काय म्हणायचं? नानांचं एकच टिकणारं होतं, की चारही, की तेही नव्हतं...

मळ्यात गेलं की नाना त्या काटेरी फांदीचं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरत. "ओळखा, वहिनी." मी दरवेळी म्हणे, लिंबू. "लिंबू तर बठ्ठीच, सगळीच," म्हणून हसत.

परवा चारही फुटव्यांची पानं चुरगळून पाहिली. लिंबू, लिंबू... तिसऱ्याशी मात्र थांबले, पुन्हा हुंगलं.

"हाईच शे का, अक्का?" सुपडूभाऊंनी विचारलं.

मी पान त्यांच्या नाकाशी धरलं.