अंगणातला डोंगा

त्रिपुरवातीचा कापूस परातीत तसाच पडला होता. निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, निम्म्या राहिल्या होत्या आणि गोदावरीबाईंचा अंगठा मात्र आत्ताच कुरकुर करायला लागला होता. कार्तिक लागल्यापासून रोज पहाटे उठायचं, गार पाण्यानं आंघोळ करायची, देवळातला काकडा, मग घरी येऊन चूल, भांडी, धुणं आणि दुपारी भिंतीला टेकून या वाती. पौर्णिमा परवावर आली होती. दरवर्षी महादेवापुढं वात जाळायची हा त्यांचा नेम. एके काळी गप्पा मारता मारता हातातून वाती पडायच्या. यंदा देवाला हात जोडतानाही हात जड वाटत होते.

टेकून बसायला भिंत तरी होती. अंगण उरलंच नव्हतं. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत डोंगा, लाकडी होडी, आडवा झालेला. पुनर्वसनाच्या गावात अंगणं मुळात मोजकीच, त्यात हा. कपडे वाळत घालायचे तर डोंग्याच्या काठावर, आणि तिथं डांबर लागलेलं. तुळशीवृंदावन तर केव्हाच हललं होतं. रंगाचा रिकामा डबा तळाला भोकं पाडून नळाजवळ ठेवला होता, डोंग्याच्या टोकाला अगदी खेटून. यंदा तुळशीचं लग्नसुद्धा त्या डब्यातच लागलं. वच्छला शेजारीण अक्षता टाकता टाकता म्हणाली होती, "नवरी डब्यात आन् नवरदेव डोंग्यात." सगळ्या हसल्या. गोदावरीबाईही हसल्या, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते त्यांच्या मनाला लागलं.

यादोराव एस.टी.त ड्रायव्हर. उभा जन्म पवनी, लाखांदूर, भंडारा, नागपूर असा गेला. घरी असले तरी डोळे घड्याळाकडे. निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस ओसरीवर खुर्ची टाकून बसला. बसून बसून कंटाळला. एका सकाळी काही न बोलता ट्रॅक्टरवाल्याला घेऊन गेला आणि संध्याकाळी ट्रॉलीत हा डोंगा घालून आणला.

डोंगा गोदावरीबाईंच्या बापाचा. वैनगंगेच्या वाळूत त्यांची डांगरवाडी, खरबुजांची वाडी, असायची. उन्हाळ्यात डांगरं भरायची, वारा पाठीशी असला की पाल, म्हणजे शीड, लावायची आणि प्रवाहाच्या उलट बाजाराला जायचं. पाल लावणारा पंचक्रोशीत तो एकटाच. पुढं धरणाचं पाणी चढलं, वाळू गेली, डांगरवाडी गेली, गाव उठून वर आलं. डोंगाही आला, पण भावाच्या गोठ्यामागं तुराट्यांखाली किती वर्षं पडून होता, देव जाणे. सागाच्या फळ्या वाळून खडखडीत झालेल्या. दोन फळ्यांच्या मधून बोट आरपार जाई.

"काय करता याचं?" त्या दिवशी गोदावरीबाईंनी विचारलं होतं.

"दुरुस्त करतो. पाल लावतो. जन्मभर दुसऱ्याच्या टायमानं गाडी हाकलली, आता वारा नेईल तिकडं जातो."

"पोहता येते का तुमाले?"

"ड्रायव्हरले उडता येते का? तरी गाडी पुलावरून नेतोच ना."

धिवराच्या, मासेमाराच्या घरचे असून यादोराव लहानपणापासून मामाकडं लाखनीला, हायवेवर वाढलेले. ट्रकमागं धावण्यात त्यांचं बालपण गेलं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी दोन पावसाळे त्यांनी मान मोडून काम केलं. सडलेल्या आडपट्ट्या बदलल्या, वल्ही तासली, बांबूची डोलकाठी उभी केली. पालासाठी मंडपवाल्याकडून जुनी कनात आणली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची. कंबर धरायची, तेव्हा ओणवे झाले की तसेच राहायचे. गोदावरीबाईंनी तेल गरम करून चोळायचं. एक दुखणं अंगणात आणि एक अंथरुणावर, दोन्ही त्यांच्याच वाट्याला.

आता पौर्णिमेला डोंगा पाण्यात लोटायचा असं ठरलं होतं. आज सकाळी मासेमार सोसायटीचा डोमा पाहून गेला. तो पत्र्याच्या डोंग्यातून जाळं टाकणारा, लाकडाच्या डोंग्याची त्याला ना गरज ना पारख.

"ड्रायव्हरसाहेब, हॉर्न कुठं बसवला?"

"तू मधात आला की वाजवीन."

"पाल त बेस हाये. लोकं समजतील वऱ्हाड येऊन राहिलं. जेवण ठेवाल ना?"

"तू पंगतीत बस आधी," यादोराव म्हणाले, आणि काळ्या कुळकुळीत डांबरावरून त्यांनी असा हात फिरवला, जसा गोदावरीबाईंनी त्यांना लेकीच्या, चंदाच्या जन्मानंतर कोणावरून फिरवताना पाहिलं नव्हतं.

हेच तर होतं. त्या डांबराखाली काय आहे, हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्याचा अर्थ फक्त एकीला.

दसऱ्याच्या सुमारास यादोरावांनी फळ्यांच्या फटी भरल्या. गॅरेजमधल्या ओळखीच्या माणसाकडून पुट्टी आणली. बसच्या चेपलेल्या पत्र्यावर भरतात ती, वाळली की दगड. फटीत ठासून भरली, घासून गुळगुळीत केली, वरून डांबर मारलं. गोदावरीबाई दाराशी तांदूळ निवडत पाहत होत्या, आणि त्यांच्या मनात बापाचं घर उभं राहिलं होतं. तिथं घरच्या बाया जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून लांब वाती वळायच्या. राळ कुटायची, जवसाच्या तेलात शिजवायची, वाती त्यात भिजवायच्या. बाप बोथट पटाशीनं त्या फटीत बसवायचा. धोंडे भरून डोंगा काठच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवायचा, लाकूड पाणी पिऊन भरेपर्यंत. मग बाहेर काढायचा. "लाकूड फुगते, बाई," तो सांगायचा. "वात दबते, म्हणून त्याले जागा भेटते. जागा नाई देल्ली त ते शेजारच्या फळीले ढकलते."

दगडासारखी पुट्टी दबणार नव्हती.

त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सगळं पुन्हा उकरायचं, पुन्हा भरायचं, आणि वाती वळायच्या कोणी? अजून एक उन्हाळा, अजून एक पावसाळा अंगण असंच. त्या गप्प बसल्या. मनाशी म्हणाल्या, लोटतील, काठावरच पाणी घेईल, लोकं हसतील, हे दोन दिवस रुसतील आणि एकदाचा हा डोंगा सरपणाला जाईल. माझी तुळस जागेवर येईल. देवापुढं बसल्यावर हा विचार यायचा, तेव्हा त्या जप थोडा मोठ्यानं म्हणायच्या.

आणि आज डोमा गेल्यावर यादोरावांनी लेकीला फोन लावला.

"चंदा, पौर्णिमेले ये. पोरीले घेऊन ये. तुले तुझ्या आज्याच्या डोंग्यात बसवतो. जुन्या गावच्या देवळाचा कळस पाण्यावर दिसते अजून, तिथपर्यंत जाऊ... अवं, मायही बसते ना. पयली तीच बसंल, तिच्या बापाचा हाये."

तेव्हापासून वातीवर हात चालेना. काठावर काही होणार नाही, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. पुट्टी घट्ट होती. डोंगा सुरुवातीला थेंब आत घेणार नव्हता. लाकूड पाणी प्यायला वेळ घेतं. कळसापर्यंत जायला लागतो, तेवढा.

त्यांनी परात बाजूला सारली. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, लोटाभर पाणी घेऊन डब्यातल्या तुळशीपाशी गेल्या. पाणी घातलं की डब्याच्या भोकांतून ते निघायचं आणि डोंग्याच्या टोकाखालून ओघळत जायचं. कार्तिकभर रोज तेच. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

टोकाची फळी पाणी पिऊन फुगली होती. शेजारच्या फळीपेक्षा नखभर वर आली होती. मधली पुट्टी सुटून पापुद्र्यासारखी उभी होती आणि डांबर फोडून एका खिळ्याचं डोकं बाहेर आलं होतं.

हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली असती तरी ते झाकलं गेलं असतं. परवा पूजा करायचीच होती, कोणी विचारलंही नसतं. करंडा हाताशी, तुळशीजवळच होता. गोदावरीबाई त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग लोटा खाली ठेवला.

"अजी, इकडं या जरा."

यादोराव कंबर धरून आले. खिळा पाहिला, बोटानं दाबला. तो आत गेला नाही.

"हे तुझ्या तुळशीच्या पाण्यानं झालं," ते म्हणाले. "किती खेपा सांगतलं, डबा सरकव म्हणून."

"तुळशीले लोटाभर पाणी लागते. लोटाभर पाण्यानं हे झालं, त धरणाच्या पाण्यानं काय होईल?"

त्यांनी सुटलेल्या पुट्टीवर नख मारून पाहिलं.

"पुट्टी दबत नाई. लाकूड फुगलं की खिळे उपटते. बाबा वाती घालत होते, मंग डोंगा बुडवून ठेवत होते."

"हे तुले कधी कळलं?"

"तुमी पुट्टी भरली त्याच दिवशी."

"दसऱ्याले?"

"हो."

"मंग काहून नाई बोलली?"

गोदावरीबाई डोंग्याच्या काठावर बसल्या. साडीला डांबर लागलं असेल, लागू दे. "थकली जी मी," त्या म्हणाल्या. "हे अंगणातून जावं असं वाटे. कसंही."

"मी त्याच्यात बसलो असतो तरी?"

"काठावरच फुटंल वाटलं होतं. तुमी चंदाले फोन लावला, मंग..." पुढचं यादोरावांनी बोलायला लावलं नाही. ते घरात गेले. गोदावरीबाईंना वाटलं, निजले असतील तोंड फिरवून. मग ते फोन कानाला लावूनच बाहेर आले.

"नाई, पौर्णिमेले नको येऊ... काई नाई झालं. काम राहिलं हाये थोडं... माय बरी हाये. येथंच हाये."

फोन खिशात टाकून त्यांनी हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढला आणि टोकापासून पुट्टी उकरायला बसले. काळे तुकडे तुळशीच्या डब्यात उडत होते. ते त्यांनी स्वतःच वेचून बाहेर टाकले. फूटभर फट मोकळी झाली, तोवर त्यांना तिथंच पाय पसरून बसावं लागलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दोन पावसाळ्यांचं काम, आणि उकरायची फट या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाती कोणत्या कापडाच्या?" वर न पाहता त्यांनी विचारलं.

"जुन्या लुगड्याच्या. नव्या कापडाच्या नाई चालत."

"तुले वळता येते?"

"येते. आधी महादेवाच्या होऊ द्या." त्यांनी आपला अंगठा पाहिला. "मंग दोघं मिळून वळू. तुमाले मी शिकवीन. बसच्या चाकापेक्षा सोप्पं हाये."

"आन् बुडवाचा म्हणते मंग."

"बुडवा लागते."

"डोमा हसंल."

"हसू द्या."

यादोरावांनी पुन्हा पेचकस उचलला. काही वेळानं, जरा रागातच, पण विचारलं, "तुळस कुठं सरकवू?"

"राहू द्या. उन्हाळ्यापर्यंत राहील तिथंच."

त्या भिंतीशी परत येऊन बसल्या. परात मांडीवर ओढली, चिमूटभर कापूस घेतला, पण बोटांनी ऐकलं नाही. आज नाहीच होणार, असं त्यांनी देवाला मनातल्या मनात सांगून टाकलं आणि कापसावर ओलं फडकं झाकलं. पेचकसाचा खर्र खर्र आवाज चालूच होता. पवनीला जाणारी एस.टी. सकाळी नाक्यावर थांबते. उद्या त्याच गाडीनं जाऊन राळ आणि जवसाचं तेल आणायचं होतं.