काचेचा हौद आणि बांचा उजवा हात

आम्ही अमरावतीचे सुतार. माझ्या वडिलांनी, म्हणजे बांनी, हयातभर गाडीची चाकं आणि वखरं केली. मी बत्तिशीला आलो त्या सुमाराला कापसाचे दिवस एकाएकी पालटले. दूर परमुलखात मोठी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेला आता आमचा कापूस हवा होता. एवढंच आम्हाला ठाऊक. गाड्यांना चाकं पुरेनात. व्यापाऱ्यांच्या घरी झुंबरं आली, माणसाएवढे आरसे आले, आणि मी चाकं बांवर सोडून नक्षीकामाकडे वळलो. माझा हात चांगला आहे असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला फार आवडे.

आमच्या गल्लीपलीकडे एक कापसाचे शेठ राहत. त्यांचं मूळ गाव पूर्णेकाठी. तिथे त्यांची आई रोज घाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची. धंदा वाढला तसं बिऱ्हाड अमरावतीला आलं. पुढे आईचे गुडघे धरले आणि नदी कायमची सुटली. अकोल्याला एक गोरा आडत्या बदलून मुंबईला चालला होता, त्याच्या बंगल्यात मासे ठेवायचा काचेचा मोठा हौद होता. शेठनी आईसाठी तो मागून घेतला.

हौद आणायला मी आणि बा गेलो. लोखंडी चौकट, पाटीच्या दगडाचा तळ, चारी बाजूंना जाड काचा. लांबी चार हात, रुंदी दोन. दोन उन्हाळे तो तबेल्यामागे कोरडा पडून होता. बांनी सांध्यावर नख ओढलं. काच चौकटीत बसवायचं लुकण पिठासारखं खाली गळलं.

"हे सारं खरवडून नवं भरा लागते," बा म्हणाले. "अन् याले चार पायावर ठेवू नोको. सपाट दगडी ओटा पाह्यजे. पान्याचं वजन तुले मालूम नाई."

मी हो म्हणालो. गाडीत सरकीसकट कापूस पसरून त्यात हौद निजवला आणि बैलांना हळू हाकत अमरावतीला आलो. पण माझ्या मनात सागवानी घडवंची आधीच तयार होती. चार पाय, पायांवर वेली, कडेला राघूंची रांग. शेठच्या दिवाणखान्यात हौद दगडावर ठेवायचा म्हणजे माझं काम दिसणार कुठे?

लुकण मी बदललं, पण फक्त जिथे गळत होतं तिथे. बांनी ओट्याचं पुन्हा काढलं, तेव्हा मी म्हणालो, "बा, तुमी चाकाचं पाहा. हे काम येगळं हाय." ते निघून गेले.

घडवंची झाली आणि दिवाणखान्यात हौद तिच्यावर चढला. तो भरायच्या दिवशी शेठकडे पाहुणे येणार होते. मी पखालवाल्याला सकाळीच बोलावलं. बा न बोलावता आले आणि भिंतीपाशी उभे राहिले. पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा बांनी चौकटीला कान लावला.

"थांबव. हे बोलून राहिलं."

"लाकूड हाय, करकरनारच," मी म्हणालो आणि पखालवाल्याला पुढची पखाल ओतायची खूण केली.

घडवंचीच्या एका पायाखालची फरशी खचत होती. ते मला नंतर कळलं. चौकट पिळली गेली आणि समोरची काच वरून खालपर्यंत उभी तडकली. मी अगदी तिच्यासमोर होतो. बांनी डाव्या हातानं मला ढकललं आणि उजवा पंजा काचेवर दाबून धरला. भिंत ढासळताना माणूस धरतो तसा. पाणी काच घेऊन बाहेर आलं आणि काचेनं त्यांचा पंजा मनगटापर्यंत चिरला.

दिवाणखानाभर पाणी झालं आणि ते लाल होत गेलं. मी धोतर फाडून मनगट आवळलं. ओल्या फरशीवर बसून बा त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहत होते. वैद्यांनी रक्त थांबवलं, जखमही भरली, पण तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. लाकूड तासायला वाकस धरता येईना. चाळीस वर्षं चाकं करणारा माणूस डाव्या हातानं जेवायला शिकू लागला. माझी बायको त्यांच्या ताटातली भाकर आधीच मोडून ठेवी. त्यांना ते कळू नये म्हणून ती सगळ्यांचीच भाकर मोडू लागली.

मला वाटलं होतं शेठ आता दारात उभं करणार नाहीत. ते स्वतः घरी आले, बांच्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "मानूस वाचला, हे लय झालं. हौद राहू द्या आता."

बा म्हणाले, "राहू काहून द्याचा? काच मांगवा. मी सांगतो, हा करन."

मुंबईहून काच यायला दोन महिने लागले. तोवर आम्ही ओटा बांधला, दिवाणखान्यात नव्हे, मागच्या पडवीत, जिथे ऊन थेट येत नाही. बा बाजेवर बसून सांगत, मी करत असे. ओट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी ठेवून तो समपातळीत आहे का ते पाहिलं; एका कोपऱ्याकडे पाणी सांडलं, तर बांनी तो कोपरा उकलून पुन्हा उंच बांधायला लावला. दोनदा. मग ओट्यावर जाड घोंगडीची घडी, तिच्यावर हौद. जुनं लुकण शेवटच्या कणापर्यंत खरवडलं, राळ आणि जवसाचं तेल मळून नवं भरलं आणि पंधरा दिवस त्याला कुणी बोट लावलं नाही. पाणी रोज वीतभरच चढवायचं, सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवायचं, ओल लागली तर थांबायचं. भरल्यावर सगळं पाणी उपसून टाकलं आणि पुन्हा भरलं, असं तीन वेळा, तेलाचा तवंग जाईपर्यंत.

मासे आणायला पूर्णेवरचा एक म्हातारा भोई होता. शेठना सात मोठे रोहू हवे होते. भोई हौदाभोवती फिरला आणि म्हणाला, "दोन. तिसरा टाकसान त तिनई जातीन. अन् आधी बारीक मासे सोडा. ते जगले त मंग मोठ्याचं पाहू."

बारीक मासे जगले. तेव्हा त्यानं हातभर लांबीचे दोन रोहू मोठ्या रांजणांत घालून आणले. रोहू उसळी मारतो म्हणून मी वर जाळीचं जड झाकण केलं. नक्षी नव्हती त्याला. शेठच्या घरचा गडी रोज थोडं पाणी काढी आणि तेवढंच ताजं पाणी भोकं पाडलेल्या मडक्यातून उंचावरून सोडी, म्हणजे माशांना दम लागत नसे.

शेठची आई पडवीत बसून गोळ्या टाके. मासे सुरुवातीला आठ दिवस वर आलेच नाहीत. ती रोज बसली. नवव्या दिवशी एकानं गोळी उचलली, आणि ती माऊली पदर तोंडाला लावून रडली. बासुद्धा दुपारचे तिथे जात. तो डावा हात गोळ्या टाकायला पुरेसा होता.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. शेठची आई त्याच थंडीत गेली. शेठनी घर सोडून पातूरकडे सासऱ्यांच्या गावी जायचं ठरवलं आणि माशांचं काय करायचं ते मला विचारलं. मी बांना विचारलं. बा म्हणाले, "जिथून आणले तिथंच सोडाचे."

चांदूर बाजाराच्या वाटेवर पूर्णेचा एक डोह आहे. रांजण गाडीत घालून आम्ही दोघं पहाटे निघालो. डोहाच्या कडेला मी रांजण कलता केला. पहिला मासा लगेच गेला. दुसरा उथळ पाण्यात थांबून राहिला, तेव्हा बांनी वाकून तो न मिटणारा पंजा त्याच्या पोटाखाली घातला आणि त्याला खोल पाण्याकडे सारलं. तोही गेला.

आम्ही परत निघालो. एवढ्या वर्षांत मी ते शब्द एकदाही उच्चारले नव्हते. बैलांकडे पाहत मी म्हणालो, "बा, त्या दिशी माहं चुकलं."

"हव," बा म्हणाले. "चुकलं."

मला रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. विहीर लागली तशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मी बैलांना पाणी पाजलं. मग त्यांनी फडक्यातली भाकर काढून माझ्यापुढे धरली. मी ती मोडली, अर्धी त्यांना दिली, आणि आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसून जेवलो.