अप्पांच्या खिशातली डबी

धारवाडच्या सप्तापूरहून फोन आला तेव्हा मी हुबळीत, देशपांडे नगरातल्या आमच्या घरी पोळ्या लाटत होते. "अक्का गेल्या," त्यांच्या शेजारीणबाई म्हणाल्या. "चहा घेतला आणि खुर्चीतच..." कुसुमअक्का माझ्या थोरल्या नणंदबाई. तिथल्याच एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. दीड महिना होत आला, पण त्यांची आठवण काढायला बसले की रडण्याच्या आधी हसूच येतं मला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अप्पा, म्हणजे माझे सासरे, हुबळीतले निवृत्त वकील. त्यांना ऐकू येईनासं झालं. विकत आणलेलं यंत्र कानात नुसतं खरखरतं म्हणून त्यांनी काढून टाकलं आणि हळूहळू बोलणंच सोडलं. कोणी भेटायला आलं तरी मागच्या खोलीतून बाहेर येईनात. कोर्ट गाजवलेला हा माणूस भिंतीकडे बघत बसलेला अक्कांना बघवेना. मे महिन्याच्या सुटीत त्या सोल्डरिंगचं सामान घेऊनच माहेरी आल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. एक इवलासा ट्रान्झिस्टर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "याला तीन पाय. मधला बेस. त्याला अगदी हलका प्रवाह दिला की बाकीच्या दोघांतून मोठा प्रवाह तसाच कमीजास्त होतो. माईकमधला बारीक आवाज असा मोठा करायचा."

पहिल्या दिवशी आवाज फाटकाच आला. "बेस अजून झोपलाय गं," अक्का हसल्या. "त्याला आधीपासून थोडा प्रवाह देऊन जागं ठेवायला हवं." रेझिस्टर बदलत राहिल्या. आवाज स्वच्छ झाला, तर माईक इअरफोनजवळ गेल्यावर अशी शिट्टी वाजली की सासूबाई कुकर बघायला धावल्या!

शेवटी सगळं एका साबणाच्या डबीत बसवलं आणि ती अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. इअरफोन घालायला ते तयारच नव्हते. अक्कांनी हात जोडले, तेव्हा कपाळाला आठ्या घालून त्यांनी तो कानात घातला. आम्ही श्वास रोखून उभे... तेवढ्यात स्वयंपाकघरात सासूबाई पुटपुटल्या, "पुन्हा चहा! साकप्पा साकु, पुरे झालं यांचं!"

अप्पा ताडकन उठले. "काय साकु? सगळं ऐकू येतंय मला!"

सासूबाईंच्या हातातली कपबशी हातातच राहिली. मग अप्पाच हसत सुटले, आणि अक्का पदराने डोळे पुसत हसत राहिल्या. त्या संध्याकाळी अप्पा कट्ट्यावर येऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागले. पुढे बरीच वर्षं त्यांच्या गप्पा थांबल्या नाहीत. "कुसुम, आता हे बंद करायचं बटण कुठंय ते सांग," असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या.

परवा आम्ही सप्तापूरचं घर आवरून कुलूप लावलं. गुडघे दुखायला लागल्यावर उठायला नको म्हणून अक्कांनी व्हरांड्यात ट्रान्झिस्टरवर चालणारा एक दिवा बसवला होता, अंधार पडला की आपोआप लागणारा. मला त्याचं भानच नव्हतं, आणि मेन स्विचही बंद करायचा राहून गेला होता. फाटकाशी पोचले तर मागे लख्ख उजेड पडला. समोरच्या बाई अंगणातून ओरडल्या, "टीचर मनि लाइट हत्तेति नोड्री!"

टीचरांच्या घरचा दिवा लागलेला मीही पाहिला. मग मेन स्विच बंद करायला परत गेलेच नाही.