डोमाजीचा साफ कागद

बोथा गावात बातमी उठली, की डोमाजीनं शेटच्या कानाला लागून जिनिंगमधल्या सात बाया घरी बसवल्या अन् त्याबद्दल सायकल पटकावली. सायकल त्याच्या साडूची होती, तीही पंक्चर. आणि शेटला कागद लिहून दिला होता तो बायांचं काम वाचावं म्हणूनच.

महसुली मंडलं नवीन झाली त्या सालची गोष्ट. गावाबाहेरच्या त्या जिनिंगात कापसातून सरकी काढायचं मशीन घडोघडी अडायचं. रेणुकाबाई अन् सहा जणी अडकलेला ओला कापूस हातानं उपसायच्या. शेटला वाटे, बायाच कामचोर. सोमवारी त्यानं वजनकाट्यावरच्या कारकुनाला, म्हणजे डोमाजीला बोलावलं. "शनिवार तक लिख के दो, गडबड क्या है. नहीं तो सातों को निकालता हूँ."

डोमाजी घराण्यातला पहिला मॅट्रिक. पेन हाती आलं की फुलायचा. त्यानं लिहिलं, 'बाया मेहनती आहेत. नवं मशीन आणावं.' बायको देवकाबाईनं चूल फुंकता फुंकता ऐकलं. "हे तं औषध झालं. दुखते कुठं, ते काऊन नाही लिहिलं?"

गड्यानं तो कागद फाडला. मग मंगळवारपासून पाच दिवस घड्याळ घेऊन मशीनजवळ बसला. नवा कागद असा: 'पाच दिवसांत मशीन एकतीस वेळा थांबलं. सव्वीस वेळा सकाळी सात ते नऊमध्ये, उघड्यावर दवानं भिजलेला कापूस घातल्यावर. छपराखालचा कोरडा कापूस घातला तेव्हा पाचही दिवस मिळून पाचच वेळा.' ना कोणाचं नाव, ना उपाय.

शेटनं दोनदा वाचलं. "इतना साफ तो मेरा वकील भी नहीं लिखता!"

पंधरवड्यात टिनाचं मोठं छप्पर उभं राहिलं. मशीन अडेनासं झालं. अन् उपसायला काही उरलंच नाही, तर सात बाया कशाला? शेटनं सातही जणींना गोड बोलून घरी पाठवलं.

रेणुकाबाई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. वाट डोमाजीच्याच दारावरून. आधी "भाऊ, निघाले का?" म्हणायची, आता पदर पुढं ओढायची. ती वळणापलीकडं जाईस्तोवर डोमाजी दाराआड उभा राहायचा.

शेजारच्या नागोरावाला कुठला धीर! त्यानं ओट्यावरून हाक मारलीच, "काय डोमाजी, लय साफ लिहिलं म्हणे तुमी!"

डोमाजी म्हणाला, "मशीन काऊन थांबते, ते लिहिलं नागोराव. बाया थांबल्या तं त्याहिच्या घरी काय थांबते, ते शेटनं इचारलं नाही, अन् मले बी लिवायचं सुचलं नाही."