मिस्त्रींचे तळवे

फरशी बसवून झाली की मिस्त्री तिच्यावर अनवाणी फिरायचे. बाकीचे कारागीर पट्टी ठेवून सपाटी बघत. मिस्त्रींच्या तळव्याला केसभर वर आलेली कडही कळायची, मग ती फरशी उखडून पुन्हा बसवायची. दिवसभर गुडघ्यांवर बसल्यानंतर हे दुप्पट काम. हाताखालची माणसं कुरकुरत, पण मिस्त्रींचं काम कधी मागे आलं नाही.

पुढे मिस्त्रींच्या रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, गोड चहाही सुरूच राहिला. हळूहळू टाचांच्या भेगा दुखेनाशा झाल्या, ओल्या सिमेंटने होणारी आग थांबली. ‘पाय कमावलेत,’ असं मिस्त्री सांगू लागले.

एकदा त्यांनी पास केलेल्या फरशीवर हाताखाली काम करणारा मेहुणा ठेचकाळला.

“दाजी, इथं कड वर आलीय.”

“बघून चालावं माणसानं.”

मेहुण्याने पट्टी ठेवली. ती डुगडुगली. मिस्त्री खात्री करायला पुढे आले, तर त्यांच्यामागे नव्या फरशीवर रक्ताचे ठसे. टाचेत फरशीची कपची रुतली होती. केव्हापासून, ते त्यांना सांगता येईना. जखमेला वास येत होता.

दवाखान्यात सिस्टरने ताठ नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवला. “कळतंय, काका?”

“कळतंय.”

“आता?”

“कळतंय की.”

“ते तुमचा हात बघून सांगतायत,” बायको म्हणाली. “डोळे मिटायला लावा.”

मिस्त्रींनी डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

“करा ना सुरू,” ते म्हणाले.

“झालंसुद्धा, काका.”

जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. टाचेवर भार टाकायचा नाही, अनवाणी फिरायचं नाही. मिस्त्री घरी बसले. बायको रोज तळवे निरखायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची, नखं सरळ कापायची. कुरूप तासायचं ब्लेड तिने फेकून दिलं.

“लग्नात माझं तोंड एवढं बघितलं नसशील,” मिस्त्री म्हणाले.

“तोंडाला काही झालं नव्हतं.”

जखम ओली असतानाच ठेकेदार घरी आला. मोठ्या हॉलचं काम होतं. “मिस्त्री, बसू नका कामाला. शेवटी नुसते एकदा फिरून बघा. तुमच्या पायांवर आपला भरवसा.”

मिस्त्री सवयीने उठायला गेले. बायको दारात उभी होती. ते परत टेकले आणि दोन्ही हातांनी पाय उचलून उशीवर ठेवला.

“या पायांना आता काही कळत नाही,” ते म्हणाले. “मेहुण्याला न्या. तो पट्टी ठेवून बघतो.”

ठेकेदार मेहुण्याचा नंबर घेऊन गेला. टाच भरायला बराच काळ लागला, पण पाय राहिला.